मूठभर लवंग

हेझल बेंड, केंटकी
९ मे १९६१

प्रिय लू,

सगळं जग तुला सिस्टर जेरोम म्हणतं, म्हणू दे बापडं. मी तुझ्या वेण्या घातल्यात, मी लूच म्हणणार. तुमच्या मठातल्या मोठ्या बाई पत्रं उघडून वाचत असतील तर त्यांनाही माझा नमस्कार सांग.

तंबाखूची रोपं लावून झाली, गुडघे कामातून गेले, आणि त्यात घरात एक नवं प्रकरण. लिओ एका मुलीच्या मागे लागलाय. मागे म्हणजे काय, पार हरवलाय. सव्वीस वर्षांचा घोडा, दाढी करताना गाणी म्हणतो. मी म्हटलं, चला, एकदाचं ठरतंय. कोणाची मुलगी विचारलं तर इकडेतिकडे बघायला लागला. तेव्हाच मला कळलं, यात काहीतरी आहे.

रोबीची, लू. बक फोर्कच्या ॲम्ब्रोज रोबीची. ॲग्नेस तिचं नाव.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण ॲम्ब्रोज रोबीला विसरली नसशील. त्यांच्या सेंट कॉर्नेलियस चर्चच्या पिकनिकला, त्या गावजेवणाला, बर्गूच्या दाट रश्शाच्या काहिली अजून त्याच्याच हातात आहेत. तेच मेंढीचं मटण, त्याच कोंबड्या, तेच बटाटे, कोबी, मका, टोमॅटो, सगळं आपल्यासारखंच, आणि तरी दर जुलैला त्यांची एक काहील अर्धी उरते. आपल्या सेंट ओडिलियाला ऑगस्टमध्ये लोक घरून बरण्या आणि बादल्या घेऊन येतात आणि उशिरा आलेले रिकाम्या बरण्या घेऊन परत जातात. का, ते तुला ठाऊक आहे. हिग्डनांचा मसाला. लिओचा बाप फ्रान्सिस गेल्यापासून तो मी घरी कुटते, पुरचुंडीत बांधून नेते आणि स्वतःच्या हाताने काहिलीत सोडते. चर्चच्या बाप्यांनी आजवर मला एका शब्दाने विचारलेलं नाही. माझ्या सासूने तो मला लग्न झाल्यावर सांगितला, आणि मीही लिओला नि त्याच्या बायकोला लग्न झाल्यावरच सांगणार.

आता बघ. जिल्ह्यात मुलींचा दुष्काळ पडला होता का? नेमकी रोबीचीच मुलगी माझ्याच मुलाला कशी आवडते? आणि मुलाला आवडली ते एक वेळ समजू शकते, पोरगी दिसायला चांगली आहे. पण तिला तो कसा आवडला? माझाच मुलगा आहे म्हणून सांगते, लिओत एवढं काही नाही.

गेल्या रविवारी जेवायला आली होती. मी नेहमीचा घरगुती बर्गू केला होता, लहान पातेल्यात. पहिला घास घेतला आणि लगेच गिळला नाही. तोंडात धरून बसली. मी बघत होते. मग म्हणते कशी, "मिसेस हिग्डन, कोंबडी आधी वेगळी शिजवता का हो?" मी म्हटलं, "तुमच्याकडे कशी शिजवतात?" तर हसली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भांडी घासायला उभी राहिली ती बरोबर मसाल्याच्या फळीसमोर.

तूच सांग, मी काय समजू?

तुझी,
बर्नी

*

सान लोरेन्सो, न्यू मेक्सिको
२० मे १९६१

प्रिय बर्नीताई,

मोठ्या बाई पत्रं वाचत नाहीत, पण तुझं मीच त्यांना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

तुझा संशय मला नवा नाही. मी मठात जाते म्हटलं तेव्हा तू महिनाभर माझ्या उशीखाली कोणाचा फोटो सापडतो का ते बघत होतीस. आपल्या धाकट्या मावशीने लोणच्याची बरणी भेट दिली तर तू आधी मांजराला चाखवली होतीस. आता एका मुलीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणून तुला झोप नाही! ताई, चांगलं झालं असेल म्हणून घेतलं असेल ग.

इथे मी शाळेत शिकवते आणि रोज लाल मिरचीचं कालवण जेवते. पहिल्या वर्षी डोळ्यांतून धारा लागायच्या. आता आपल्याकडचं जेवण समोर आलं तर मला ते अळणी लागेल की काय, अशी भीती वाटते. स्वयंपाकघरातल्या एरमिनियाला मी एकदा बर्गू करून वाढला. तिने चमचाभर खाल्ला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उरलेल्यात दोन मुठी मिरची ओतली. पोरांनी पातेलं चाटून पुसून साफ केलं. तेव्हा मसाल्यावरून भांडायला मला तरी तोंड नाही.

आणि तुला इतकाच संशय असेल तर तिला काहीतरी खोटंच सांग. म्हणावं, आम्ही बर्गूत चर्चमधली मेणबत्ती वितळवून घालतो. मग जुलैमध्ये जाऊन बघ, ॲम्ब्रोज रोबी मेणबत्त्या घेऊन उभा आहे का!

लिओला माझे आशीर्वाद. त्या मुलीलाही.

तुझी,
लू

*

हेझल बेंड
१२ जून १९६१

प्रिय लू,

लहानपणापासून तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. मेणबत्ती नाही, पण मी लवंग सांगितली.

कशी ते ऐक. शनिवारी ॲग्नेस आली. मी तिला बटाटे सोलायला बसवलं. हात चांगला आहे तिचा, साल कागदासारखी पातळ काढते, उगाच खोटं कशाला बोलू. लिओ बाहेर व्हरांड्यात जाळीचं दार दुरुस्त करत होता. मी आवाज जरा खाली आणला, म्हणजे तिला वाटावं की मी विश्वासाने सांगतेय.

म्हटलं, "ॲग्नेस, तू उद्या या घरात येणार, तर एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवते. आमच्या बर्गूत लवंग असते. एका काहिलीला मूठभर, बारीक कुटलेली. पहाटे मटणाबरोबरच टाकायची."

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं, लू, मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

"लवंग?" म्हणाली.

"लवंग."

"ख्रिसमसला डुकराच्या मांडीत टोचतो ती?"

"तीच."

मग आणखी दोन बटाटे सोलले. नंतर म्हणाली, "मिसेस हिग्डन, हे तुम्ही मला सांगितलंत, पण मी कुणाला सांगणार नाही. बाबांनाही नाही. तुमच्या बर्गूविषयी चांगलं किंवा वाईट, एक शब्द माझ्या तोंडून निघणार नाही."

मी म्हटलं, "शपथ कशाला घेतेस ग, मी कुठे मागितली?"

"तुम्ही मागितली नाहीत," म्हणाली, "म्हणूनच देते."

बघितलंस? किती गोड! न मागता शपथ देणारा माणूस मला कधी खरा वाटलेला नाही. तेवढ्यात लिओ पाणी प्यायला आत आला, म्हणून विषय तिथेच राहिला.

आता बक फोर्कची पिकनिक जुलैत आहे. दरवर्षी आपण सगळे जातोच, नाही गेलं तर ते म्हणतील हिग्डन घाबरले. मी पहिला वाडगा घेणार. तोंडात लवंग आली तर लग्न मोडलं. नाही आली तर मी स्वतः केक करून रोबीच्या घरी जाईन, बास? यापेक्षा न्यायाने आणखी काय वागू?

तुझी,
बर्नी

*

सान लोरेन्सो
२५ जून १९६१

बर्नीताई,

मी थट्टा केली होती! मेणबत्तीची गोष्ट कोण खरी धरतं?

ऐक माझं. पिकनिकच्या आधी त्या मुलीला सांगून टाक की ते खोटं होतं. हस आणि सांग. लवंग ही वाईट वस्तू आहे. मी मागे राजम्याच्या पातेल्यात चार टाकल्या होत्या. सकाळी चव घेतली तर काही कळलं नाही, म्हणून आणखी चार टाकल्या. दुपारपर्यंत सगळ्या शाळेच्या जिभा बधिर झाल्या होत्या. ती शिजेल तशी वाढत जाते. मूठभर आणि तीही पहाटेपासून? ॲम्ब्रोज रोबी कसाही असो, त्याच्या काहिलीवर अख्खं गाव जेवतं. तो गावासमोर तोंडघशी पडेल.

आणि दुसरं असं की, समजा लवंग निघाली. ती ॲग्नेसनेच सांगितली हे तू कशावरून ठरवणार? घर तुझं, दार उघडं, उन्हाळ्याचे दिवस. पण तू हे वाचून म्हणशील, लूला काय कळतंय.

लगेच लिही.

लू

*

हेझल बेंड
१७ जुलै १९६१

लू,

तुझं पत्र मिळालं तेव्हा पिकनिक चार दिवसांवर होती. वाचलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं.

लवंग निघाली.

वाडगा नाकाजवळ आणला तेव्हाच कळलं. घास तोंडात घातला आणि जीभ गेली. लवंगच लवंग, मटण नाही, मका नाही, काही नाही. आजूबाजूला बघते तर लोक पांढऱ्या पावाचे तुकडे जिभेवर ठेवून बसलेले. एक म्हातारा विचारत होता, "आज दाताचा डॉक्टर स्वयंपाकाला होता का?" सगळा मांडव हसला. ॲम्ब्रोज रोबी काहिलीजवळ उभा होता, हातात ते लाकडी वल्हं, ढवळतच होता, ढवळतच होता, जणू ढवळून ती बाहेर निघणार होती. कुणी त्याच्या जवळ जात नव्हतं. शेवटी त्यांच्या फादरनी येऊन त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि दुसऱ्याला दिलं. बावीस वर्षं ते त्याच्या हातात होतं म्हणे.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला. थोडा झाला. मग नाही राहिला.

तिसऱ्या दिवशी लिओ तिला घरी घेऊन आला, नेहमीसारखा. मी स्वयंपाकघरात उभं राहूनच विचारलं. बस म्हटलं नाही.

"ॲग्नेस, लवंग कशी ग पोचली तुझ्या बापाच्या काहिलीत?"

तिने लिओकडे बघितलं. लिओ खुर्चीत बसला होता, मान खाली. बिचाऱ्याला धक्का बसला असणार.

"मी विचारतेय. तू सांगितलंस?"

"मिसेस हिग्डन," म्हणाली, "मी तुम्हाला शब्द दिला होता."

"तोच मी विचारतेय, कुठे गेला तो शब्द?"

पुन्हा लिओकडे बघितलं. मला तर वाटलं, आता त्याच्यामागे लपणार. पण लपली नाही. मग टोपी उचलली आणि म्हणाली, "येते मी." लिओ उठलासुद्धा नाही. मीच दार लावलं.

एक शब्द नाही म्हणाली, लू. "मी नाही केलं" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? निर्दोष माणूस गप्प बसतं का?

मी फादरना सांगितलं. वेदीची फुलं लावणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितलं. काहिलीवरच्या सगळ्या बाप्यांना सांगितलं की रोबीच्या पोरीने माझ्या घरात बसून, माझे बटाटे सोलता सोलता चोरी केली. आता हेझल बेंडमध्ये तिला कोणी दारात उभं करणार नाही. झालं ते बरंच झालं, लग्नाआधी झालं.

लिओ जेवत नाही. होईल सवय.

बर्नी

*

सान लोरेन्सो
२८ जुलै १९६१

बर्नीताई,

तुझं पत्र मी चॅपलमध्ये घेऊन बसले होते, म्हणजे रागाने काही लिहिणार नाही. तरी थोडं लिहिते.

ती मुलगी स्वयंपाक करते. पातळ साल काढते, कोंबडी आधी शिजवली का ते एका घासात ओळखते. हे सगळं तूच लिहिलंस. अशा मुलीला मूठभर लवंगेचं काय होतं ते कळत नसेल? तिला तुझा मसाला चोरून बापाला द्यायचा असता तर तिने ही खोटी गोष्ट नेली असती? ती बापाचा घात का करेल, ताई?

आता दुसरं. मी पंधरा वर्षं पोरांना शिकवतेय. वर्गात काच फुटली की मी फोडणाऱ्याला शोधत नाही. जो मान खाली घालून पाटीकडे बघतो त्याच्याजवळ जाऊन उभी राहते. तू लिहिलं आहेस, ॲग्नेसने दोनदा लिओकडे बघितलं. आणि लिओ मान खाली घालून बसला होता. आणि तू लवंग सांगितलीस तेव्हा तो व्हरांड्यात होता, जाळीच्या दाराशी. जाळीच्या दारातून माशी येत नाही, शब्द येतो.

तू जगात सगळ्यांवर संशय घेतलास. मावशीवर, माझ्यावर, फादरवर, त्या विमावाल्यावर. लिओवर कधी घेतला नाहीस. एकदा घे.

आणि जे तू गावभर बोललीस, त्याचा विचार कर.

लू

*

बक फोर्क
९ ऑगस्ट १९६१

मिसेस हिग्डन,

तुमची चिठ्ठी मिळाली. लिओने तुम्हाला शेवटी सांगितलं हे वाचून बरं वाटलं. तुम्ही विचारल्यावर सांगितलं, हेही वाचलं.

तुम्ही विचारता की मी त्या दिवशी का बोलले नाही. तुम्हाला उत्तर देणं लागते म्हणून लिहिते.

लवंग खोटी आहे हे मला बटाटे सोलतानाच कळलं होतं. मी सहा वर्षांची असल्यापासून दर ऑगस्टला तुमच्याकडचा बर्गू खाते. त्यात लवंग कधी नव्हती. तुम्ही माझी परीक्षा घेताय हे कळलं, थोडा रागही आला, पण मनात म्हटलं, घेऊ दे. नापास होण्यासारखं माझ्यात काही नाही. म्हणून शब्द दिला.

लिओने ती बाबांना सांगितली, हे मला पिकनिकच्या पहाटे कळलं. मी कांदे चिरत होते आणि वास आला. बाबा मुठीने टाकत होते. मी म्हटलं, "बाबा, जरा कमी घाला." ते म्हणाले, "लिओनेच सांगितलंय. तू कांदे चीर." ते खूप खुशीत होते. मिसेस हिग्डन, बाबांनाही चवीवरून कळायला हवं होतं, पण हिग्डनांच्या घरचाच मुलगा येऊन सांगतो म्हटल्यावर त्यांनी जिभेचं ऐकलं नाही, कानाचं ऐकलं. मी जर म्हटलं असतं की हे खोटं आहे, तर मला कसं माहीत ते सांगावं लागलं असतं. चांगलं किंवा वाईट एक शब्द बोलणार नाही असं मी तुम्हाला म्हटलं होतं. मी कांदे चिरत राहिले. त्यांच्या हातातून वल्हं काढून घेतलं तेव्हा मी मांडवात होते. ते मी कधी विसरेन असं मला वाटत नाही.

दुपारी लिओ मला चर्चच्या मागे भेटला. त्याला बाबांची मर्जी मिळवायची होती, त्यांना काहीतरी मोठं देऊन लग्नाला हो म्हणवायचं होतं, असं म्हणाला. मला ते समजतं. बाबा त्याच्याशी धड बोलत नव्हते. मग म्हणाला, आईला सांगू नकोस, गावाला कळलं तर मला काहिलीजवळ उभं करणार नाहीत. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तू सांग. म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी होते. तो बोलेल म्हणून वाट बघत होते.

तुम्ही लिहिलंय, परत ये. मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही संशय घेता तो तोंडावर घेता. तुम्ही आयुष्यभर माझ्या प्रत्येक पातेल्यात नाक खुपसलं असतं तरी मी हसून घेतलं असतं, खरंच सांगते. पण तुमच्या गावात आता सगळे मला चोर म्हणतात. माझ्या मामेबहिणीला तुमच्याकडच्या दुकानात एक बाई म्हणाली, तुझी ती लवंगवाली बहीण कशी आहे?

तुम्ही सगळ्यांना खरं सांगते म्हणता. तुम्ही सांगू नका. ते लिओने सांगावं. तुमच्या पिकनिकला आम्ही दरवर्षीसारखे येऊ, बाबाही येतील, मी त्यांना आणीन. त्याने काहिलीजवळ उभं राहून एक वाक्य बोलावं. तो बोलला तर मी त्याच्याशी लग्न करीन. नाही बोलला तर नाही करणार. हे मी त्यालाही सांगितलंय.

तुमची,
ॲग्नेस रोबी

*

हेझल बेंड
२१ ऑगस्ट १९६१

प्रिय लू,

ॲग्नेसचं पत्र तुला सोबत पाठवलंय, ते आधी वाच. मग हे वाच.

तू सांगितलंस म्हणून मी लिओला विचारलं होतं. कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी म्हटलं, "लवंग तू सांगितलीस का?" त्याने टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, "तू खोटं सांगितलंस हे मला काय माहीत?" लू, मला आधी हेच सुचलं की हो, खरंच की, त्याला काय माहीत. आईच ना मी. दोन पावलं घराकडे गेले तेव्हा डोक्यात शिरलं की तो काय बोलला. त्याला खरी वाटत होती, आणि त्याने ती दिली. बापाची, आजीची. आणि ती पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि हा बसून होता.

मग ते पत्र आलं. लिओने वाचलं आणि म्हणाला, "बोलेन मी. पिकनिकला बोलेन." मला बरं वाटलं. मी त्याचा शर्ट इस्त्री केला.

पिकनिक फार छान झाली. असं लिहिताना हात जड होतो, पण झाली. सकाळपासून धूर, माणसं, बरण्या घेऊन रांग. मी मसाला सोडला. लिओ मधल्या काहिलीवर होता, वल्हं हातात. ॲम्ब्रोज रोबी आला. काळा कोट घालून, मयताला आल्यासारखा. ॲग्नेस त्याच्या हाताला धरून होती. आपल्या बायकांनी तिच्याकडे पाठ केली. माझ्यामुळे, लू. मी शिकवलेली पाठ.

ते दोघं रांगेतून बरोबर लिओच्या काहिलीशी आले. मी चार पावलांवर होते, पाव कापत होते. सगळे बघत होते. सगळ्यांना वाटत होतं आता काहीतरी भांडण होणार. यापेक्षा चांगली वेळ देवाने काय द्यायची? ॲग्नेसने वाडगा पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

लिओने डाव बुडवला, भरला, वाडग्यात ओतला. म्हणाला, "गरम आहे, जपून."

ती हलली नाही. बापाचा वाडगा पुढे केला. तोही त्याने भरला. म्हणाला, "पाव तिकडे आहे." माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सुरी खाली ठेवली. तिने मला सांगितलं होतं, तुम्ही बोलू नका. मी आयुष्यात एवढी गप्प बसले नव्हते. मनात म्हणत होते, बोल रे, बोल, एक वाक्य. रांगेतला पुढचा माणूस सरकला. लिओने त्याचा वाडगा घेतला. मागून कोणीतरी बायकांमधून म्हणालं, "लवंग शोधतेय वाटतं." आणि दोघी-चौघी हसल्या. ॲम्ब्रोज रोबीने मान खाली घातली. लिओने ते ऐकलं. डाव भरत राहिला.

मग मी बोलले. मला नाही राहवलं. आपल्या बाबांचा आवाज आहे माझा, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "ऐका सगळे. लवंग मी खोटी सांगितली होती, या मुलीची परीक्षा घ्यायला. ती तिने कुणालाही सांगितली नाही. बापाची फजिती डोळ्यांनी बघितली, तरी मला दिलेला शब्द मोडला नाही. माझ्या घरातून ती बाहेर नेली माझ्या मुलाने. लिओने. मी तिला चोर म्हटलं ते माझं पाप आहे."

काहिलीवरच्या बाप्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या हेडनने येऊन लिओच्या काहिलीतलं वल्हं काढून घेतलं, काही न बोलता. मुलाचं वाईट व्हावं म्हणून कोणी आई बोलत नाही, पण मी बोलले आणि झालं.

मला वाटलं होतं ॲग्नेसचा चेहरा जरा मोकळा होईल. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती लिओकडे बघत होती. अजून. इतकं झाल्यावरही ती वाट बघत होती की आता तरी तो हो म्हणेल.

लिओ म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर कशाला?"

बस, एवढंच.

तिने वाडगा माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला. भरलेला होता, चमचासुद्धा लावला नव्हता. मी म्हटलं, "ॲग्नेस, मी बोलायला नको होतं." ती म्हणाली, "तुम्ही बोललात ते बरं केलंत. मला चोर म्हणून जायचं नव्हतं." मग माझा हात धरला. गार होता तिचा हात, त्या उन्हात. म्हणाली, "येते, मिसेस हिग्डन."

लू, मी आयुष्यात कितीतरी मुलींना नावं ठेवली. ही एकच, जी मला माझ्या घरात हवी होती. तिचा पाठमोरा निळा झगा बक फोर्कच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होता, आणि मी तिला थांब म्हणाले नाही. कोणासाठी थांब म्हणणार होते?

तुझी,
बर्नी